बंडलकाकांची खोली

आधी नावाचं सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. बंडलकाका हे काही त्यांचं नाव नव्हतं. आईवडिलांनी चांगलं देवाचं नाव ठेवलं होतं, आडनावही भारदस्त होतं. पण आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, पहिल्याच दिवशी त्यांचं बंडल करून टाकलं आणि मग ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत दुसरं नाव कुणाला ठाऊकच राहिलं नाही.

झालं असं की आमची वरची खोली रिकामी होती. आमचे हे जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा नोकरीला नोएडात, शनिवारी आला तर आला. खाली मी आणि सून श्वेता, दोघीच. ह्यांच्या एका जुन्या दोस्तानं निरोप पाठवला की आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलाच एक मुलगा आहे, सगळं आयुष्य बाहेर नोकरी केली, आता परत यायचं म्हणतो, लग्न केलेलं नाही, त्याला खोली द्या. मुलगा म्हणजे सासष्ट वर्षांचा. एक ट्रंक आणि एक खांद्याची पिशवी घेऊन तो मुलगा तांग्यातून उतरावा तसा ई-रिक्षातून उतरला, आधी रिक्षाला लांबून एक चक्कर मारून बघितलं, मग सामान काढलं.

भाऊजी शेजारीच राहतात. घरात नवा माणूस आला की त्यांना चहा लागतोच. त्यांनी विचारलं, "आपण नोकरीत काय करत होतात?"

ते अगदी सरळ म्हणाले, "बंडलं सांभाळत होतो."

भाऊजींचा चहा नाकात गेला.

"आयुष्यभर तेच," ते पुढे सांगू लागले. "बंडल बाहेर आलं की पाण्यात ठेवायचं. काही वर्षं थंड होऊ द्यायचं. मग डब्यात घालून दुसरीकडे पोचवायचं."

"आमच्या ऑफिसात लोक गरमागरमच मारतात," भाऊजी म्हणाले.

आता थापेला बंडल म्हणणं हे काही ग्वाल्हेरचं नाही, पुण्याच्या मावशीकडून आमच्या घरात आलेलं. पण आलं ते घट्ट बसलं. काकांना तो अर्थ माहीतच नव्हता. ते चाळीस वर्षं ज्या लोकांत राहिले तिथे बंडल म्हणजे बंडल. आम्ही का हसतोय ते त्यांना कळेना, आणि ते का गंभीर आहेत ते आम्हाला कळेना. वर आणखी कारखान्याचं नाव विचारलं तर सांगायचे नाहीत. "समुद्राच्या बाजूला आहे," एवढंच. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा माणूस पोस्टातून रिटायर झालेला आहे, लिहून देतो."

ते बंडल म्हणजे काय हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि समजलं असं अजूनही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. अणूपासून वीज करतात ना, तिथल्या भट्टीत घालायचं इंधन हातभर लांबीच्या नळ्यांत भरलेलं असतं. अशा नळ्यांची जुडी बांधलेली असते, ते बंडल. नळ्यांत काळ्या गोळ्या, आपल्या पाचकाच्या गोळ्यांसारख्या. काही महिने भट्टीत राहिलं की ते वापरून झालं, काढायचं. माझी समजूत अशी, की जळलं म्हणजे राख होते आणि राख हलकी असते. मी तसं म्हटलं.

"नाही वहिनी. आत जाताना जेवढं वजन तेवढंच बाहेर येताना. दिसायलाही तसंच, जरा काळपट."

"मग जळलं काय?"

"जळलं काहीच नाही. फुटलं."

"फुटलं तर तुकडे कुठायत?"

"तुकडे आतच."

"मग कळतं कसं की फुटलं म्हणून?"

"जवळ गेलात तर मरता," ते म्हणाले, आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

असं त्यांचं बोलणं. एकेक शब्द समजायचा, आणि सगळं मिळून डोक्याचा भुगा. मी म्हटलं, म्हणजे उष्टं इंधन म्हणा की. तर एकदम खूश झाले. कचरा म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कुणी कचरा म्हटलं की चष्मा काढून पुसायचे, म्हणजे समजावं की राग आला. "वापरलेलं आहे, टाकलेलं नाही," असं म्हणायचे. ते वाक्य मग ते कशालाही लावायचे. श्वेता जुनी चादर फाडायला निघाली तरी हेच, आणि एकदा भाऊजींच्या रिटायरमेंटच्या समारंभात भाषण करा म्हटलं तर उठून एवढंच बोलले आणि बसले. भाऊजी चार दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी.

खोलीच्या उंबऱ्यावर त्यांनी गेरूची रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे बाहेरच्या चपला, पलीकडे आतल्या. बाहेरचा पाय आत नाही, आतला बाहेर नाही. मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे सोवळ्याच्या दिवसांत असलीच रेघ असायची, फक्त दिसायची नाही. बाहेरून आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मग दोन्ही हात पुढे धरून क्षणभर उभे राहायचे. नोकरीत म्हणे त्यांना एका यंत्रावर हात आणि पाय ठेवून उभं राहावं लागायचं, यंत्रानं जा म्हटलं की घरी. इथे यंत्र नव्हतं, पण सवय होती. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जा हो काका, झाले स्वच्छ!" मग ते जिना चढायचे. मी गंमत म्हणून म्हणायची. पण एकदा मी देवदर्शनाला गेलेली, परत येऊन बघते तर काका नळापाशी हात पुढे करून उभेच. किती वेळचे, देव जाणे.

तीन शब्द त्यांच्या तोंडी कायम. वेळ, अंतर, आड. धोक्याची वस्तू असेल तर तिच्यापाशी वेळ कमी काढा, अंतर जास्त ठेवा, आणि मध्ये काहीतरी आड घाला. पाणी असो, शिसं असो, भिंत असो. तापलेल्या दुधाला हेच, गल्लीतल्या चावऱ्या कुत्र्याला हेच. समोरच्या घरातली बाई भांडायला आली की ते दोन मिनिटं ऐकायचे, चार पावलं मागे सरायचे आणि दार लावून घ्यायचे. मोजून. बाईला वाटायचं, माणूस घाबरला.

त्यांची नोकरी होती तळ्यावर. तळं म्हणजे इमारतीच्या आत बांधलेला हौद, दुमजली घर बुडेल एवढा खोल. तळाशी ही बंडलं ओळीनं रचलेली. वरून सरकता पूल, पुलावर काका, हातात लांबच लांब दांडा. त्या दांड्यानं खालचं बंडल उचलायचं आणि पाण्यातल्या पाण्यात इकडून तिकडे न्यायचं. पाण्याबाहेर कधी नाही. नव्या आलेल्या बंडलांभोवती म्हणे पाणी निळं दिसतं, दिवा नसताना. "मोरपिसासारखं?" मी विचारलं. विचार करून म्हणाले, "नाही. सुंदर आहे, पण मोरपीस हातात घ्यावंसं वाटतं."

डब्याचा किस्सा तर अख्ख्या पाटणकर बाजाराला माहीत आहे. बंडलं एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची तर शिशाचा आणि पोलादाचा डबा लागतो. आतला माल थोडका, डबा हत्तीसारखा. गाडीला मोजता येणार नाहीत इतकी चाकं, पुढे पोलीस, मागे पोलीस, चाल बैलगाडीची. काका बरोबर जायचे. ढाब्यावर कुणी विचारलं तर सांगायचे, मशीनचा पार्ट आहे. तो डबा वापरात यायच्या आधी तसलाच एक उंचावरून आपटून बघतात, आगीत घालून बघतात, पाण्यात बुडवून बघतात. तर काका माझ्याबरोबर स्टीलचा डबा घ्यायला आले. दुकानदारानं डबा हातात दिला. काकांनी झाकण लावलं, डबा खांद्याएवढा वर धरला आणि सोडला. धाडकन! दुकानांची अख्खी लाईन बाहेर आली.

"अरे बाबूजी! ये क्या कर रहे हो?"

"झाकण उघडलं," काका मला म्हणाले. "दुसरा बघू."

"दूसरा नहीं! आप कटोरदान लेने आए हो कि दुकान तोड़ने?"

चौथ्या डब्याचं झाकण उघडलं नाही. तो घेतला. पोचा पडलेला होता, पण काकांना पोच्याचं काही नव्हतं. आपटूनही बंद राहिला ना! मी त्या दुकानात पुढे दोन वर्षं गेले नाही, नया बाज़ारातून भांडी घेत होते.

आता मुख्य गोष्टीवर येते. तिथे माझा जो गोंधळ झाला तो निस्तरायलाच मी हे लिहायला बसले आहे.

श्वेताला दिवस राहिले होते. याआधी दोनदा राहून राहिले नव्हते, म्हणून घरात सगळेच आवाज न करता चालायचो. सातवा लागला तेव्हा डोहाळजेवण ठरवलं, आणि इंदूरहून विहीणबाई आल्या. विहीणबाई म्हणजे अत्यंत नीटनेटक्या. पुरणाचं करायला बसल्या तर पदर असा खोचतात की लढाईलाच निघाल्यात. पंगतीला घरचीच माणसं होती, त्यात काका. भाऊजींनी ओळख करून दिली, "हे आमचे बंडलकाका, अणूचे." नको तिथे खरं बोलायची भाऊजींची जुनी खोड.

"अणूचे म्हणजे?" विहीणबाईंनी विचारलं.

काकांपुढे कटाची आमटी होती. ती बघून त्यांना काय स्फुरण चढलं! म्हणाले, "सोपं आहे. हरभऱ्याची डाळ शिजवली की तुम्ही काय करता? गाळता. वर डाळ राहते, त्याचं पुरण. खाली पाणी उतरतं, तो कट. होय ना? आमचंही तसंच. थंड झालेलं बंडल कापायचं, तेजाबात विरघळवायचं, आणि गाळायचं म्हणा. कामाचा माल, म्हणजे पुरण, बहुतेक सगळं तेच असतं, ते परत इंधनाला. उरतो तो कट. थोडाच असतो, पण सगळा जहाल तिखटपणा त्यात."

"मग त्याची आमटी करता?" श्वेता हसत म्हणाली.

"त्याची काच करायची. काच वितळवून त्यात कट मिसळायचा, पोलादाच्या पिंपात ओतायचा, झाकण वितळवून बंद. मग ती पिंपं अशा तळघरात ठेवायची की वारा आपोआप येईल-जाईल. गरम असतात ना."

"किती दिवस?" विहीणबाई.

"पुष्कळ. तुमची नातवंडं म्हातारी होतील."

नातवंडं हा शब्द त्यांनी काढायला नको होता. विहीणबाईंचा घास ताटात राहिला. त्यांनी विचारलं, "आणि आपण ह्या सगळ्याजवळ राहत होता? मग तुमच्या अंगातून ते येत असेल ना? इथे? वरच्या खोलीतून?"

काकांना राग आला नाही. म्हणाले, "उन्हात बसलेला माणूस ऊन घेऊन घरी येत नाही. धुळीत बसलेला येतो. बंडलाचं ऊन असतं, ते पाण्यानं अडतं. धूळ असेल तर आंघोळीनं जाते."

"आणि धूळ नाकातोंडातून आत गेली असली तर? आत कशी आंघोळ घालणार?"

 काकांनी चष्मा पुसला नाही, म्हणजे राग नव्हता. "हा बरोबर प्रश्न आहे," ते म्हणाले. मग पोळी संपवली, ताट उचललं आणि वर गेले.

विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "मी भांडायला आले नाही. पण हा माणूस वर असेल तर मी श्वेताला उद्या इंदूरला घेऊन जाते. नाहीतर त्यांना दुसरी खोली बघायला सांगा. काही झालं तर मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्हीच स्वतःला विचारत बसाल."

डॉक्टरीणबाईंनी श्वेताला प्रवास बिलकुल नको म्हणून सांगितलेलं. म्हणजे रस्ता एकच उरला. आणि खरं सांगते, मला विहीणबाईंचा राग यायला हवा होता, तो आलाच नाही. माझ्या मनात भलतंच सुरू झालं. श्वेताचं दुसऱ्यांदा बिघडलं तेव्हा काका वरच राहत होते. तेव्हा ती वाळवणं घालायला रोज गच्चीवर जायची, त्यांच्या खोलीच्या दारावरून. हे मला आजवर सुचलं कसं नाही? पहिल्यांदा बिघडलं तेव्हा काकांचा पत्ताच नव्हता, ही गोष्ट मात्र मी साफ विसरून गेले. भीती अशी निवडून निवडून आठवण काढते. ज्या माणसाबरोबर मी तीन वर्षं चहा प्यायले त्याच्या कपाकडे मी त्या दुपारी बघत बसले, आणि तो दोनदा घासला. मग लाज वाटली म्हणून माझाही दोनदा घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नळापाशी हात धुवत होते तेव्हा मी बोलले.

"काका, वरच्या खोलीची पुताई करायची म्हणते, रंग द्यायचा."

"आत्ता? दिवाळीलाच केली होती ना?"

"पोपडे आलेत."

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं, जणू इथून भिंत दिसते. एक पोपडा नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं. रोज तिथेच तर राहायचे.

"रंग वाळायला किती दिवस लागतील?"

"आठ," मी म्हटलं. तोंडाला येईल ते.

"आठ पुरतील," ते म्हणाले. कशाला पुरतील ते मी विचारलं नाही. हात तसेच पुढे धरून उभे होते. मी जा म्हटलं नाही. माझ्या तोंडून ते निघेचना. मग ते आपले आपणच वर गेले, आणि तासाभरात खांद्याची पिशवी घेऊन निघाले. ट्रंक ठेवून.

आता थाप मारली म्हणजे निभावणं आलं. गल्लीत विचारतील, पुताई कुठाय? पेंटरला बोलावलं. तो आज येतो, उद्या येतो करत सातव्या दिवशी उगवला. भिंत बघून म्हणाला, "अम्माजी, इसमें तो कुछ करना ही नहीं है." मी म्हटलं, तू कर. हिरवट रंग होता तोच परत दिला. भाऊजी येऊन कमरेवर हात ठेवून बघत होते. "वहिनी, तीन वर्षं आम्ही त्या बिचाऱ्याला बंडलबाज म्हटलं," एवढंच म्हणाले आणि गेले. 

नवव्या दिवशी दुपारी काका दारात. दाढी वाढलेली, हातात कागद. विहीणबाई अजून आमच्याकडेच होत्या; सरळ त्यांच्यासमोर गेले, कागद पुढे धरला आणि म्हणाले, "आपल्या प्रश्नाचं उत्तर आणलंय."

ते परत त्या समुद्राकाठच्या गावी जाऊन आले होते. हाताखाली शिकलेला एक जण आता साहेब झालाय, त्याला गाठलं. तिथे लोखंडी भिंतींची एक खोली असते, आत खुर्ची असते. खुर्चीत माणसाला बसवून यंत्र मोजतं की याच्या अंगात काय काय आहे. काका त्या खुर्चीत बसून आले होते.

कागद इंग्रजीत. विहीणबाईंनी भाऊजींना दिला. भाऊजींनी चष्मा चढवला. डावीकडे कसकसली नावं, उजवीकडे आकडे हवे होते तिथे अक्षरं. भाऊजी वाचू लागले, "बी, डी, एल. बी, डी, एल. अरे..." आणि त्यांचा चेहराच बदलला. "वहिनी, यात सगळीकडे बंडल लिहिलंय! सात ओळी, सात बंडलं!"

विहीणबाई उभ्या राहिल्या. "म्हणजे यांच्या अंगात आहेत?"

"आत सात?" मीही म्हटलं. हसू नका. त्या क्षणी मला ते हातभर लांब, वीस किलोचं दिसलं, काकांच्या बरगड्यांत आडवं ठेवलेलं.

श्वेतानं कागद ओढून घेतला. खाली बारीक अक्षरांत होतं ते वाचलं आणि भाऊजींवरच ओरडली. "काका, आप भी ना... आई, बैठो तो पहले! बंडल नाहीये ते. बिलो डिटेक्टेबल लिमिट. मतलब, मशीनला सापडेल एवढंसुद्धा नाही."

"सापडलं नाही म्हणजे नाहीच, की शोधता आलं नाही?" विहीणबाई.

काकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "हाही बरोबर प्रश्न! असेलही. पण असलं तर इतकं कमी की यंत्रालासुद्धा नाही म्हणावं लागलं."

"आणि हे काय? या खालच्या ओळीत आकडा आहे."

"ते पोटॅशियम. केळ्यातलं, बटाट्यातलं. सगळ्यांच्या अंगात असतं, आणि तेही थोडं थोडं बाहेर टाकत असतं. तुमच्यातही आहे. तुम्ही आत्ता इथे बसलात तर मलाही तुमचं लागतंय."

विहीणबाईंनी आपली खुर्ची पटकन मागे घेतली. कुणापासून ते त्यांनाच कळलं नसावं, कारण मग त्या स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. श्वेता पोट धरून हसली, आणि तिला हसताना बघून विहीणबाईंनाही हसू आलं. म्हणाल्या, "राहू देत बाई यांना. निदान यांनी मोजून तरी घेतलंय. आपलं कुणी मोजलंय?"

पुढे श्वेताला मुलगी झाली, ठणठणीत, हे इथेच सांगून टाकते. काका आणखी पाच वर्षं वर राहिले आणि मागच्या थंडीत न्यूमोनियानं गेले. गल्लीत एकदोघांनी मान हलवली, "अणूचे होते ना." मी काय बोलणार? डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. मी न्यूमोनियाच म्हणते.

पण त्या दिवशी ते जवळजवळ गेलेच होते. कागदाचा निकाल लागला, चहा झाला, सगळे खूश. मी नवी चादर घेऊन वर गेले तर काका ट्रंक भरत होते.

"हे काय? विहीणबाईंनी हो म्हटलंय. आता काय झालं?"

"नया बाज़ारात एक खोली बघितलीय," ते म्हणाले. शर्टाच्या घड्या काही थांबेनात.

"अहो, पण कागद चांगला आलाय ना?"

"कागद त्यांच्यासाठी होता. त्यांनी तोंडावर विचारलं, मी उत्तर आणलं. तुमचा प्रश्न मला माहीतच नाही, वहिनी. तुम्ही म्हणालात पोपडे."

"होते थोडे..." मी म्हटलं. बघा, अजूनही माझं तेच.

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. तीन वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. "आमच्याकडे पुलावर चढताना विचारायचे, भीती वाटते का? नाही म्हणाला त्याला खाली उतरवायचे. हो म्हणाला त्याच्या हातात दांडा द्यायचे. ज्याला वाटते तो सांगतो, चुकला तरी सांगतो. जो सांगत नाही त्याच्याजवळ मला उभं राहता येत नाही."

मी खिडकीचा गज धरला. मग म्हटलं, "वाटली. तुमची भीती वाटली. तुमचा कप मी दोनदा घासला. श्वेताचं मागच्या वेळचंसुद्धा मी मनातल्या मनात तुमच्यावर घातलं. एक दिवसभर घातलं."



"आणि आता?"

"आता कागद बघितला. कमी झाली."

"गेली?"

हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. "नाही," मी म्हटलं. "थोडी आहे. कशाची ते माझं मलाच कळत नाही. कागद खरा आहे, तुम्ही खरे आहात, आणि तरी चिमूटभर आहे."

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. तर काका ट्रंकेजवळ खाली बसले आणि हातातला शर्ट मांडीवर ठेवला. यंत्रावर आकडा वाचावा तसे माझ्याकडे बघत होते.

"चिमूटभर राहू द्या," ते म्हणाले. "तेवढी पाहिजेच."

आणि एकेक शर्ट परत बाहेर काढायला लागले. पहिला खुंटीला अडकवला आणि नीट करायला ओढला, तर पाठीवर हिरवा पट्टा. पेंटर सातव्या दिवशी आलेला, खुंटीच्या मागचा रंग अजून ओलाच होता. काकांनी शर्ट उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"वहिनी," ते म्हणाले, "रंग ओला असला की पाटी लावायची असते."

मी खाली जाऊन पाटी लिहून आणली.